वजनाचा रकाना

वजनमापे खात्यात एकतीस वर्षे काढलेला माणूस कुठेही गेला, तरी त्याची नजर आधी तागडीकडे जाते. बेळगावच्या रविवार पेठेतल्या किराणा दुकानांचे काटे, निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, संकेश्वरचा गूळबाजार अशी सगळी वजने-मापे तपासता तपासता मी निवृत्त झालो, पण सवय काही निवृत्त झाली नाही. आमची सौ. म्हणते, "यांना स्वर्गात नेलं तरी आधी चित्रगुप्ताचा काटा उलटा करून शिक्का बघतील." तर अशा या माणसाला लेकीने अमेरिकेत सिअ‍ॅटलला बोलावून घेतले आणि तिथे त्याची गाठ एका माशाच्या वजनाशी पडली. त्याची ही हकिगत.

आमचे जावई धारवाडचे, घरात कन्नड बोलणारे. लेक मुलाला मराठीत रागावते, जावई कन्नडमध्ये समजूत घालतात आणि आठ वर्षांचा नातू दोघांनाही इंग्रजीत उत्तर देतो. मला मात्र तो 'अज्जा' म्हणतो, आणि 'एष्टु' म्हणजे 'किती' हा कन्नड शब्द त्याच्या फार आवडीचा. डोंगर एष्टु उंच, विमान एष्टु मोठे, अज्जाचे वय एष्टु. आम्ही पोहोचलो ते फेब्रुवारीचे दिवस होते आणि त्याला शाळेतून एक काम मिळाले होते. आपल्या राज्याच्या माशाची माहिती लिहून आणायची. वॉशिंग्टन राज्याने १९६९ साली 'स्टीलहेड' या माशाला राज्यमासा ठरवले आहे. शाळेने दिलेल्या कागदावर रकाने आखलेले होते. नाव काय, राहतो कुठे, खातो काय, लांबी किती, वजन किती. कागदाच्या तळाशी 'स्वतः पाहिलेल्या माशाची नोंद' असाही एक चौकोन होता. नातू वजनाच्या रकान्याशी येऊन थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "अज्जा, एष्टु तूक?"

मी मनात म्हटले, प्रश्न अगदी योग्य माणसाला विचारला गेला आहे.

आधी हा मासा म्हणजे काय ते सांगतो. रेनबो ट्राउट नावाचा गोड्या पाण्यातला मासा आहे. त्याच जातीतले काही मासे नदीत जन्मतात, एक ते तीन वर्षे तिथेच वाढतात आणि मग समुद्रात निघून जातात. समुद्रात दोन-तीन वर्षे भरपूर खाऊन, चांदीसारखे चकचकीत होऊन, अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत परततात. या परतणाऱ्या माशाला स्टीलहेड म्हणतात. पॅसिफिकमधले सामन मासे अंडी घातली की मरतात. स्टीलहेड मात्र जगला वाचला तर पुन्हा समुद्रात जातो आणि पुन्हा माहेरी येतो. साधारण आठ-दहा पौंड वजनाचा मासा म्हणजे चांगला मासा. वीस पौंडांचा मिळाला तर गळवाला ती गोष्ट आयुष्यभर सांगतो.

पहिल्याच रविवारी जावयांनी आम्हाला बॅलर्डला नेले. सिअ‍ॅटल शहराच्या पोटात गोड्या पाण्याची मोठी सरोवरे आहेत आणि एका कालव्याने ती समुद्राला जोडलेली आहेत. कालव्याच्या तोंडाशी मोठे दरवाजे आहेत. दरवाजे लावून पाणी चढवायचे, उतरवायचे आणि होड्यांना समुद्रातून सरोवरात किंवा सरोवरातून समुद्रात सोडायचे, अशी ही व्यवस्था १९१७ सालापासून चालू आहे. होड्यांची सोय झाली, पण माशांचे काय? त्यांच्यासाठी शेजारी पाण्याची शिडी बांधली आहे. तिला २१ पायऱ्या आहेत. मासे उड्या मारत, पोहत एकेक पायरी चढून वर जातात. शिडीच्या कडेला जमिनीखाली एक दालन आहे आणि त्याच्या भिंतीत जाड काचेच्या खिडक्या आहेत. तिथे उभे राहिले की मासे डोळ्यांसमोरून जाताना दिसतात.

आम्ही अर्धा तास उभे होतो. खिडकीत हिरवट पाणी होते, बुडबुडे होते, मासा नव्हता. नातवाने काचेला नाक लावले, मग कंटाळून आजीकडे खाऊ मागितला.

त्याचे कारण जावयांनी बाहेर बाकावर बसल्यावर सांगितले. १९८० च्या दशकात एका समुद्रसिंहाने ही शिडी हेरली. थकलेले मासे शिडीच्या तोंडाशी गोळा होतात, तिथेच तो ठाण मांडून बसू लागला. लोकांनी त्याला हर्शल असे नाव ठेवले. त्याचे बघून आणखी आले. सरकारने फटाके वाजवले, रबरी गोळ्या झाडल्या, त्यांना पकडून दूर कॅलिफोर्नियात नेऊन सोडले, तर ते पोहत परत आले. एका माणसाने तर फायबरग्लासचा खोटा देवमासा पाण्यात बसवून पाहिला. आपल्या शेतातल्या बुजगावण्याचीच गत. दशकाच्या सुरुवातीला हिवाळ्यात दोन हजारांवर स्टीलहेड या वाटेने जात, ते १९९४ पर्यंत शंभराच्याही खाली आले. दोष एकट्या समुद्रसिंहाचा नव्हता. शहर वाढले, ओढे बुजले, पाणी तापले. शेवटी २००७ साली या संपूर्ण खाडीतल्या स्टीलहेडला केंद्र सरकारने धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. आम्ही बघत होतो ती खिडकी त्या हिशोबाची होती.

घरी आल्यावर नातवाचा कागद पुढे आला. आजवरचा सर्वात मोठा स्टीलहेड किती वजनाचा? जावयांनी संगणकावर शोधून दिले आणि मी चष्मा लावून बसलो. २२ जून १९७० रोजी अलास्कात, केचिकान गावाच्या बाजूला बेल आयलंड नावाच्या बेटाजवळ हा मासा पकडला गेला. पकडणारा होता आठ वर्षांचा मुलगा. हे ऐकल्यावर आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांची छाती आपोआप पुढे आली. वजन ४२ पौंड २ औंस, म्हणजे १९ किलो १०० ग्रॅम. मी लिहून घेतले. पुढच्या पानावर अलास्का राज्याच्या मत्स्यखात्याची यादी होती. तोच मुलगा, तेच बेट, तेच वर्ष. वजन मात्र ४२ पौंड ३ औंस.

एका औंसाचा फरक. म्हणजे सुमारे अठ्ठावीस ग्रॅम. सौ. म्हणाली, "अहो, पन्नास वर्षांपूर्वीचा मासा. एवढ्याशा फरकाने काय होतंय?" पण वाचकहो, याच एवढ्याशा फरकासाठी मी उभ्या आयुष्यात किती दुकानदारांशी वाईटपणा घेतला! एका पुडीमागे अठ्ठावीस ग्रॅम कमी, अशा दिवसाला शंभर पुड्या. हिशोब करा. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि मोठ्या माशाचे वजन कोण, कसे, कशाच्या आधारावर नक्की करते याच्या मागे मी लागलो.

आपल्याकडे म्हणतात, हातच्या काकणाला आरसा कशाला? पण गळवाल्यांच्या जगात आरसा लागतोच. कारण गळवाल्याचा मासा तोंडातोंडी वाढत जातो. आपल्या मेलेल्या म्हशीला मणभर दूध, तसा त्यांचा निसटलेला मासा. म्हणून १९३९ साली 'इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन' ही संस्था निघाली. सुरुवातीला ती समुद्री माशांचेच विक्रम नोंदवायची. गोड्या पाण्यातल्या माशांचे विक्रम 'फील्ड अँड स्ट्रीम' नावाचे मासिक ठेवायचे. १९७८ साली मासिकाने आपले दप्तर या संस्थेच्या हवाली केले. आज तिचे मुख्य कार्यालय फ्लोरिडात आहे.

तिचे नियम वाचताना मला आपल्याच खात्यातला कोणी भाऊबंद भेटल्यासारखे वाटले. पहिला नियम, अंदाजे वजन चालणार नाही. दुसरा, मासा जमिनीवर तोलला पाहिजे, डुलणाऱ्या होडीत तोललेला चालत नाही. तिसरा, काटा गेल्या बारा महिन्यांत सरकारी किंवा तशाच लायक संस्थेने तपासून प्रमाणित केलेला हवा. आपल्याकडेही दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा बारा महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावा लागतो आणि ज्या तिमाहीत तपासला त्या तिमाहीचे ए, बी, सी, डी यांपैकी अक्षर त्यावर उठवतात. मासा झोळीत घालून तोलला असेल तर झोळीचे वजन वजा करायचे. आणि मला सर्वात आवडलेला नियम असा, की काटा दोन रेघांच्या मध्ये थांबला तर नजरेने अंदाज करायचा नाही, खालची रेघ धरायची. एकतीस वर्षांत मी बघितलेला प्रत्येक विक्रेता वरची रेघ धरायचा. इथे स्वतःच्या कौतुकाच्या वेळी माणसाला खालची रेघ धरायला लावली आहे!

एवढ्यावर भागत नाही. वजन करताना साक्षीदार हवेत. माशाचा पूर्ण लांबीचा फोटो हवा, काठी आणि रीळ यांचा हवा, ज्या काट्यावर तोलला त्या काट्याचाही हवा. गळाला लावलेल्या तंगुसाचा तुकडा पाठवावा लागतो. तो किती ताणाला तुटतो हे तिथे तपासतात. मासा लागल्यापासून आत येईपर्यंत दुसऱ्या कोणी काठीला हात लावला की अर्ज बाद. शिवाय मासा नेमका कोणत्या जातीचा हे फोटोवरून पटले पाहिजे, नाही तर तज्ज्ञाने बघितले पाहिजे. कारण मोठा स्टीलहेड आणि सामन यांत भलेभले फसतात. स्टीलहेडच्या जबड्याच्या आत पांढरे असते, मोठ्या चिनूक सामनच्या हिरड्या काळ्या असतात. पोटाखालच्या मागच्या परातले काटे मोजले तर स्टीलहेडचे बाराच्या आत भरतात, सामनचे त्याहून जास्त.

आणि जुना विक्रम मोडायचा तर नुसते 'थोडे जास्त' पुरत नाही. पंचवीस पौंडांच्या आतल्या माशाला किमान दोन औंस, त्यावरच्या माशाला अर्धा टक्का जास्त वजन लागते. बेचाळीस पौंड दोन औंसांना मागे टाकायचे तर बेचाळीस पौंड सहा औंसांचा मासा हवा. म्हणजे राज्याच्या यादीतला तो जादा एक औंस खरा धरला, तरी तो या नियमाने विक्रम मोडायला पुरला नसता. हे कळल्यावर मला शांत झोप लागली.

एवढे नियम कळल्यावर खरा मासा बघायची ओढ लागली. जावयांना गळाचा नाद आहे. म्हणाले, "मावा, होह नदीवर जाऊ या. तिथं अजून जंगली स्टीलहेड येतात."

सिअ‍ॅटलहून पहाटे बोटीत मोटारीसकट चढलो आणि पस्तीस मिनिटांत बेनब्रिज बेटावर उतरलो. पुढे तरंगता पूल ओलांडून, पोर्ट अँजेलिस मागे टाकून, क्रेसेंट सरोवराच्या काठाकाठाने रस्ता जातो. एका बाजूला काळेनिळे पाणी, दुसऱ्या बाजूला सरळ उभा डोंगर. मग फोर्क्स नावाचे लाकूडतोड्यांचे गाव लागते. तिथपासून पाऊस. कणकुंबी-जांबोटीला आषाढात जसा दिवसभर न थांबता पडतो तसा, फक्त थंडगार. झाडे आकाशाला भिडलेली आणि प्रत्येक फांदीवर हातभर शेवाळ लोंबणारे. सौ. म्हणाली, "झाडांनी गोधड्या पांघरल्यात." मला तरी याहून चांगले वर्णन सुचत नाही.

होह नदी ऑलिंपस पर्वताच्या हिमनद्यांतून निघते. बर्फाने दगड दळून केलेले पीठ तिच्या पाण्यात असते, त्यामुळे पाणी दुधात निळी शाई थेंबभर टाकावी तसे दिसते. नदीच्या मुखाशी होह लोकांची वस्ती आहे. हे इथले मूळ रहिवासी. सरकारशी झालेल्या जुन्या करारानुसार या नदीतल्या माशांवर त्यांचा हक्क आहे, आणि १९७४ च्या एका गाजलेल्या निकालाने करार करणाऱ्या जमातींचा निम्मा वाटा न्यायालयाने मान्य केला. म्हणजे इथे मासा मोजणे ही नुसती हौस नाही, वाटणीचा प्रश्न आहे. आपल्याकडे धरणाचे पाणी मोजतात तसा.

जावयांनी एक वाटाड्या ठरवला होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने आधी परवाने बघितले, मग आम्हाला नियम सांगितले. गळाला उलटा काटा नको, आमिष नको. त्या मोसमात होडीतून गळ टाकायलाही मनाई होती, होडी फक्त एका वळणावरून दुसऱ्या वळणापर्यंत जायला. मासा मिळाला तर आधी त्याची पाठ बघायची. पाठीवर शेपटीजवळ एक लहानसा मांसल पर असतो. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो पर सोडण्याआधीच कापून टाकतात. पर नसेल तर तो केंद्रातला मासा, ठरलेल्या संख्येत घरी नेता येतो. पर असेल तर तो जंगली, सोडून द्यायचा.

मी म्हटले, म्हणजे हा तुमचा शिक्का! जावयांनी भाषांतर करून सांगितले, तेव्हा वाटाड्या पहिल्यांदा हसला. पण माझ्या मनात उलटाच विचार आला. आमच्या धंद्यात शिक्का असलेले माप खरे आणि बिनशिक्क्याचे खोटे. इथे ज्याच्यावर माणसाने खूण केली तो मासा तव्यावर जायला मोकळा, आणि ज्याला कुणी हात लावला नाही तोच खरा.

दुपारी दोनच्या सुमारास, पाचव्या की सहाव्या वळणावर, जावयांची काठी वाकली. रीळ अशी ओरडली की काठावर बसलेली सौ. दचकून उभी राहिली. मासा एकदा पाण्याबाहेर पूर्ण उसळला. एवढी मोठी चांदीची लगड हवेत मी कधी बघितली नव्हती. नातू किनाऱ्यावर नाचत होता. पंधरा मिनिटे तरी ओढाताण चालली. शेवटी वाटाड्याने रबरी जाळे पाण्यातच पसरून त्यात मासा घेतला. जाळे पाण्यात, मासा पाण्यात, फक्त पाठ दिसत होती. पाठीवर तो लहानसा पर शाबूत होता. जंगली.

नातू गुडघाभर पाण्यात येऊन ओरडला, "अज्जा, एष्टु तूक?"

वाचकहो, खरे सांगतो. माझ्या कोटाच्या खिशात हुकाचा एक छोटा काटा होता. प्रवासात सामानाच्या बॅगा तोलायला घेतलेला. मी स्वतः घरच्या प्रमाण वजनांवर तो तपासून आणला होता. जाळे हुकाला अडकवायचे, वीतभर वर उचलायचे, आकडा वाचायचा, खाली सोडायचे. पाच सेकंदांचे काम. नातवाला आकडा मिळणार, कागदावरचा रकाना भरणार. मी काटा बाहेर काढला आणि जाळ्याकडे हात नेला.

"ब्याड, मावा!" जावई कधी नव्हे ते मोठ्या आवाजात बोलले.

वाटाड्याने हात आडवा केला आणि शांतपणे सांगितले, की सोडून द्यायचा जंगली स्टीलहेड पूर्ण पाण्याबाहेर काढणे या राज्यात गुन्हा आहे. फोटोसाठी नाही, वजनासाठी नाही, कशासाठीच नाही. दमलेल्या माशाला हवेत उचलणे म्हणजे नुकत्याच धावून आलेल्या माणसाचे नाक-तोंड दाबून धरण्यासारखे. तो पोटात अंडी घेऊन समुद्रातून एवढ्या दूर आला आहे.

मी काटा खिशात टाकला. एकतीस वर्षे दुसऱ्यांना कायदा सांगितला आणि नातवासमोर आकड्याच्या मोहाने तोच मोडायला निघालो होतो. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

वाटाड्याने फीत काढली. मासा पाण्यातच ठेवून त्याने लांबी घेतली, ३८ इंच. मग पाठीच्या परासमोर घेर घेतला, २० इंच. गळवाले याचे एक सूत्र वापरतात. घेराचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचे आणि ७५० ने भागायचे. उत्तर पौंडांत येते. मी काडीने वाळूत गुणाकार केला. वीस पौंडांच्या थोडे वर, म्हणजे नऊ किलोच्या आसपास. "पण हा अंदाज आहे," मी नातवाला म्हटले, "वजन नव्हे."

वाटाड्याने गळ काढला, जाळे खाली केले. मासा क्षणभर तिथेच थांबला, शेपटी दोनदा हलवली आणि त्या दुधाळ पाण्यात दिसेनासा झाला. कोणी काही बोलले नाही.

रात्री फोर्क्सच्या मुक्कामी सौ.ने पोटलीतून भडंग काढले आणि गप्पा रंगल्या. वॉशिंग्टन राज्यातला हिवाळी स्टीलहेडचा विक्रम १९८० सालचा, ३२ पौंड १२ औंसांचा. तो मोडायचा तर मासा तपासलेल्या काट्यावर, साक्षीदारांसमोर तोलावा लागेल आणि खात्याच्या जीवशास्त्रज्ञाला दाखवावा लागेल. गळवाले अशा वेळी मासा सरळ किराणा दुकानात नेतात, कारण सरकारी तपासणीचा काटा तिथे हमखास असतो. पण त्यासाठी मासा घरी नेण्याची परवानगी हवी. २००९ साली याच होह नदीवर साडेएकोणतीस पौंडांचा जंगली स्टीलहेड पकडला गेला. तेव्हा मोसमात एक जंगली मासा ठेवणे नियमात बसत होते. पकडणाऱ्याने तो ठेवला, तोलला आणि देशभरच्या गळवाल्यांत त्याच्यावर टीकेची झोड उठली. कायद्याने तो चुकला नव्हता. पण असा मासा पुन्हा किती होणार, हा लोकांचा सवाल होता. २०१६ पासून या भागातल्या नद्यांवर जंगली स्टीलहेड ठेवणे बंदच झाले. याचा अर्थ उद्या या नदीत पन्नास पौंडांचा जंगली मासा गळाला लागला, तरी त्याचे वजन कोणत्याही यादीत येणार नाही.

यादीत मग काय येते? रेनबो ट्राउटचा सध्याचा जागतिक विक्रम ४८ पौंडांचा आहे, २००९ साली कॅनडातल्या डिफेनबेकर सरोवरात पकडलेला. आणि स्टीलहेड हा रेनबोचाच प्रकार असल्याने जागतिक यादीत दोघांचा रकाना एकच आहे. म्हणजे अलास्कातल्या त्या मुलाच्या माशाला मागे टाकणारा मासा समुद्र न बघितलेला निघाला. त्या सरोवरातले हे अवाढव्य मासे मत्स्यपालन केंद्रातून निसटलेले, प्रजनन न करणारे. अंडी घालण्यात शक्ती खर्च होत नाही, नुसते वाढत राहतात. त्याचे वजन अगदी बरोबर आहे, काटा निर्दोष आहे. तरीही जावई म्हणाले, "मावा, हा मासा आणि आज दुपारी बघितला तो, दोघांना एका तक्कडीत कसं घालायचं?" तागडी आणि तक्कडी, दोन भाषांत जवळजवळ एकच शब्द. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे दोन्ही भाषांत उत्तर नव्हते.

मग आपोआप कावेरीची आठवण निघाली. २२ मार्च १९४६ रोजी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने कबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर पकडला. वाघ-बिबट्यांची कातडी भरून देणारे ते प्रसिद्ध घराणे. कावेरी खोऱ्यातला हा पाठीला कुबड असलेला महसीर जगभरच्या गळवाल्यांना ठाऊक होता, वजनांसकट, फोटोंसकट. गंमत अशी की त्याचे शास्त्रीय नाव मात्र २०१८ पर्यंत नक्की झाले नव्हते. त्या वर्षी 'टॉर रेमादेवी' ही त्याची ओळख पटली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. वजन माहीत, नाव माहीत नाही, आणि नाव कळले तेव्हा मासा संपत आलेला.

पण एक गोष्ट मला त्या वेळी दिलासा देऊन गेली. हा महसीर घटतो आहे हे शास्त्रज्ञांनी दाखवले ते कशाच्या आधारावर? कावेरीकाठच्या गळाच्या शिबिरातल्या नोंदवह्यांच्या. १९९८ ते २०१२ अशी वर्षानुवर्षे तिथे मासे पकडून, नोंद करून सोडून देत. कोणीतरी रोज संध्याकाळी कंटाळा न करता रकाने भरले म्हणून हे कळले. बॅलर्डच्या खिडकीपाशी कोणी मोजले नसते, तर दोन हजारांचे शंभर झाले हे तरी कोणाला कळले असते? माप ही मिरवायची वस्तू झाली की माशाच्या जिवावर उठते. तेच माप साक्षीसाठी असले की माशाच्या उपयोगी पडते. जागतिक संस्थेलाही हे उमगले असावे. २०११ पासून तिने लांबीचे विक्रम सुरू केले आहेत. ठरावीक पट्टीवर मासा मोजायचा, फोटो काढायचा आणि जिवंत सोडायचा. सोडला तरच विक्रम.

सौ. इतका वेळ ऐकत होती. म्हणाली, "शृंगेरीला तुंगेच्या घाटावर केवढाले मासे आहेत. आपण चुरमुरे टाकले होते, आठवतं? तिथं कुणी विचारतं का, किती किलोचा?" मी गप्प बसलो. कारण तिथेही, चोवीस वर्षांपूर्वी, घाटावर उभे राहून मी मनातल्या मनात अंदाज केला होताच.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही सिअ‍ॅटलच्या पाइक प्लेस बाजारात गेलो. तिथले कोळी गिऱ्हाईकाने निवडलेला मासा हवेत फेकतात आणि पलीकडचा तो कागदात झेलतो. लोक ते बघायला गर्दी करतात. मी काट्यावरचा तपासणीचा स्टिकर बघायला वाकलो. तारीख चालू वर्षाची होती. सौ.ने कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी नातू शाळेचा कागद घेऊन आला. वरचे रकाने भरले होते. आठ वर्षांच्या मुलाचा मासा, ४२ पौंड २ औंस. माझ्या आग्रहाखातर कंसात, 'राज्याच्या यादीत ३ औंस'. तळाच्या चौकोनात त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते: होह नदी, जंगली, लांबी ३८ इंच, घेर २० इंच, सोडला. वजनापुढची जागा कोरी होती.

"अज्जा, इथं वीस पौंड लिहू?"

"काट्यावर तोलला होता का?"

"नाही."

"मग?"

त्याने थोडा विचार केला. मग त्या जागी पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली आणि कागद दप्तरात ठेवला. माझ्या नोकरीत कोरा सोडलेला रकाना म्हणजे निरीक्षकाची चूक. या एका रकान्याखाली मात्र मी माझी सही आनंदाने केली असती.